जागा असूनही ‘जागा नाही’ : डेटाबेस सर्व्हरच्या कर्नेलचा हिशोब

महापे एमआयडीसीतली रात्रपाळी. सर्व्हरची रॅम दुप्पट झाली, ओरॅकलच्या सामायिक मेमरीचा म्हणजे एसजीएचा आकडा वाढवला, इन्स्टन्स सुरू करायची आज्ञा दिली आणि पडद्यावर आले, ‘ओआरए-२७१०२ : आउट ऑफ मेमरी’. त्याखाली दुसरी ओळ, ‘लिनक्स एरर २८ : नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डेटाबेस सांभाळणारा डीबीए ‘डीएफ’ चालवून पाहतो, तर डिस्क अर्धी रिकामी. ‘फ्री’ चालवून पाहतो, तर रॅम जेवढी हवी त्याहून जास्त. सकाळी कामकाज सुरू व्हायला चार तास उरलेले असतात आणि मशीन म्हणत असते, जागा नाही.

ही अडचण देशातल्या कुठल्याही सर्व्हर रूममध्ये येऊ शकते. नवी मुंबईत तिची शक्यता जास्त, कारण इथे सर्व्हरच जास्त आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्याचा पट्टा एकेकाळी रासायनिक कारखान्यांचा होता. आज त्याच पट्ट्यात ऐरोली, रबाळे, महापे इथे डेटा सेंटरांच्या खिडक्या नसलेल्या इमारती उभ्या आहेत. सीबीडी बेलापूरला स्टेट बँकेचे ग्लोबल आयटी सेंटर आहे, घणसोलीला रिलायन्सचे कॉर्पोरेट पार्क आहे आणि पनवेलला २०२० मध्ये योट्टाचे ७,२०० रॅकचे डेटा सेंटर सुरू झाले. बँकेचे खाते, विम्याचा हप्ता, मोबाइलचे बिल यांतले काही ना काही या शहरातल्या कुठल्या तरी डेटाबेसमध्ये नोंदले जाते. तो डेटाबेस सांभाळणाऱ्यांनी लिनक्स कर्नेलच्या मोजक्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला, तर अशा रात्री टळतात.

फळा आणि सिग्नल

डेटाबेस म्हणजे एकच प्रोग्रॅम नसतो. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी राहते; लिनक्सवरच्या ओरॅकलमध्येही साधारण तसेच. पाचशे कनेक्शन म्हणजे पाचशे प्रोसेस. त्या प्रत्येकीने डिस्कवरून तीच पाने वाचून आपापल्या कोपऱ्यात ठेवली, तर कितीही रॅम कमीच पडेल. म्हणून सगळ्यांसाठी मेमरीचा एक सामायिक तुकडा राखला जातो. वर्गातल्या फळ्यासारखा : एकाने लिहिले की सगळ्यांना दिसते. ही ‘शेअर्ड मेमरी’.

पण फळ्यावर दोघांनी एकाच वेळी एकाच जागी लिहिले, तर गोंधळ. त्यासाठी ‘सेमाफोर’ लागतात. हा शब्द मुळात रेल्वेचा. जुन्या स्टेशनांवर खांबाला लाल हात असे; तो आडवा असेपर्यंत गाडी थांबायची, हात पडला की सुटायची. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात ही कल्पना संगणकात आणली. एक प्रोसेस काम करत असते तेव्हा दुसरी सेमाफोरपाशी झोपून राहते; वाट मोकळी झाली की कर्नेल तिला उठवते.

या दोन्ही सोयींचा जुना साचा ‘सिस्टिम फाइव्ह’ या नावाने ओळखला जातो, कारण एटी अँड टीने १९८३ मध्ये आणलेल्या त्याच नावाच्या युनिक्समधून तो सर्वत्र पसरला. त्या काळी मेमरी महाग होती. एखाद्या प्रोग्रॅमने सगळी बळकावू नये म्हणून कर्नेलने मर्यादा घातल्या. त्या मर्यादा अजून आहेत, आणि महाप्याच्या रात्री संपलेली ‘जागा’ हीच.

कुठला आकडा कशात मोजायचा

शेअर्ड मेमरीचे तीन आकडे महत्त्वाचे. इथे त्यांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कर्नेलचे आकडे ठेवणाऱ्या ‘सिसकंट्रोल’ फाइलीत ती इंग्रजी लहान अक्षरांत, आधी ‘कर्नेल’ आणि टिंब लावून लिहायची. ‘शममॅक्स’ म्हणजे एक तुकडा जास्तीत जास्त किती मोठा असू शकतो, आणि तो मोजायचा बाइटमध्ये. ‘शमऑल’ म्हणजे सगळे तुकडे मिळून किती, आणि तो मोजायचा पानांमध्ये. ‘शमएमएनआय’ म्हणजे तुकड्यांची संख्या. ती साधारण ४,०९६ असते आणि सहसा पुरते.

बाइट आणि पाने यांतच बहुतेक जण फसतात. इंटेल किंवा एएमडीच्या सर्व्हरवर मेमरीचे एक पान ४,०९६ बाइटचे असते. समजा, १२८ जीबी रॅमच्या मशीनवर सामायिक मेमरीला ६४ जीबीपर्यंत मुभा द्यायची आहे. मग शममॅक्स ६८७१९४७६७३६ होईल. हाच आकडा ४,०९६ ने भागला की १६७७७२१६ येतो, तो शमऑल. आता कोणी घाईत दोन्ही ओळींत १६७७७२१६ लिहिले, तर काय होईल? शमऑलच्या ओळीत त्याचा अर्थ ६४ जीबी, पण शममॅक्सच्या ओळीत त्याच आकड्याचा अर्थ फक्त १६ एमबी. डेटाबेस उभाच राहणार नाही.

चूक कुठल्या ओळीत आहे, हे कर्नेलच सांगते. मागितलेला तुकडा शममॅक्सपेक्षा मोठा असेल, तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ असे उत्तर येते. तुकडा मर्यादेत आहे पण एकूण बेरीज शमऑलच्या पुढे जाते, तेव्हा ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येते. महाप्याच्या प्रसंगात दुसरे उत्तर आले होते, म्हणजे डिस्क सोडून शमऑल पाहायला हवा होता. जुन्या कर्नेलांत आणि ओरॅकलच्या जुन्या मार्गदर्शिकांत शमऑलचा आकडा २०९७१५२ असे. गुणाकार केला तर तो बरोबर ८ जीबी भरतो. आठ जीबीत बसणारा डेटाबेस वर्षानुवर्षे निमूट चालतो. रॅम वाढवून एसजीए मोठी केली की त्याच रात्री अडतो.

सेमाफोरचा मामला थोडा वेगळा. ‘सेम’ या एकाच ओळीत चार आकडे असतात आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. पहिला, एका संचात किती सेमाफोर. दुसरा, सगळ्या मशीनमध्ये मिळून किती. तिसरा, एका हाकेत किती क्रिया. चौथा, एकूण संच किती. जुन्या कर्नेलात हे आकडे २५०, ३२०००, ३२ आणि १२८ असे होते. पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्त्या सोळा-सोळा कनेक्शनांसाठी एक संच घेत. ५०० कनेक्शनांत ऑटोव्हॅक्यूमचे ३ आणि मुख्य कामांचे ४ मिळवले की ५०७ होतात. सोळाने भागून वरचा पूर्णांक घेतला की ३२ संच. म्हणजे एका मशीनवर असे चार डेटाबेस चालवले की १२८ संच संपले. पाचव्याला पुन्हा तेच उत्तर : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. पहिल्या तीन आकड्यांत कितीही शिल्लक असली तरी चौथा संपला की खेळ संपला.

वाढवण्यासाठी लिहिलेली ओळ कमी करते तेव्हा

इथपर्यंत वाचून कोणी लगेच फाइल उघडून आकडे वाढवायला बसेल. त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. ऑगस्ट २०१४ मध्ये आलेल्या ३.१६ आवृत्तीपासून लिनक्सने शममॅक्स आणि शमऑल या दोन्ही मर्यादा मुळातच जवळजवळ अमर्याद करून टाकल्या. त्याआधी शममॅक्सचा मूळ आकडा फक्त ३२ एमबी होता. २०१५ च्या ३.१९ आवृत्तीत सेमाफोरचे आकडेही मोठे झाले : ३२०००, १०२४००००००, ५०० आणि ३२०००.

डेटाबेसही बदलले. सप्टेंबर २०१३ च्या पोस्टग्रेस ९.३ पासून मुख्य सामायिक मेमरी सिस्टिम फाइव्हच्या साच्यातून घेतली जात नाही. त्या साच्यात फक्त काही बाइटचा नाममात्र तुकडा उरला. ऑक्टोबर २०१७ च्या पोस्टग्रेस १० पासून लिनक्सवर सेमाफोरही नव्या, पॉझिक्स पद्धतीचे झाले. म्हणजे आजच्या रेड हॅट ९ वर किंवा उबुंटू २२.०४ वर नवा पोस्टग्रेस बसवणाऱ्याला शममॅक्स, शमऑल आणि सेम या तिन्ही ओळींना हात लावायची गरज उरलेली नाही.

तरीही त्या ओळी नव्या सर्व्हरवर येतात, आणि येतात त्या जुन्या फाइलीतून. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला. तेव्हापासून अनेक कार्यालये नव्या लिनक्सवर जात आहेत आणि जाताना जुनी ‘सिसकंट्रोल’ फाइल जशीच्या तशी उचलून नेत आहेत. त्यात शमऑल २०९७१५२ अशी ओळ असेल, तर ती आज मर्यादा वाढवत नाही. जवळजवळ अमर्याद असलेली मर्यादा ८ जीबीवर आणून ठेवते. दहा वर्षांपूर्वी मदतीला लिहिलेली ओळच आज आडवी येते.

ओरॅकलच्या मार्गदर्शिकेत याचे उत्तर स्पष्ट दिले आहे. तिच्या तक्त्यातले आकडे किमान आहेत. मशीनवरचा आकडा त्याहून मोठा असेल तर तो बदलू नये, असे तिथे लिहिले आहे. तक्ता सगळे पाहतात, त्याशेजारचे हे वाक्य थोडेच वाचतात. ओरॅकल लिनक्सवर तर हे आकडे बसवणारे ‘प्रीइन्स्टॉल’ नावाचे तयार पॅकेज मिळते. आयबीएमचा डीबी२ आणखी एक पाऊल पुढे आहे. तो इन्स्टन्स सुरू होताना आपल्या गरजेचे आकडे बहुतेक वेळा स्वतःच वाढवून घेतो.

म्हणून पहिले काम मोजणीचे. ‘आयपीसीएस’ ही आज्ञा ‘-एल’ पर्यायासह चालवली की सध्याच्या सगळ्या मर्यादा दिसतात आणि ‘-यू’ पर्यायासह प्रत्यक्ष वापर दिसतो. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की कुठे कमी पडते आणि कुठे कोणी विनाकारण आवळून ठेवले आहे, ते पाच मिनिटांत कळते.

खरी बचत मोठ्या पानांत

नव्या सर्व्हरवर जिथे वेळ द्यावा अशी जागा वेगळीच आहे : ‘ह्यूज पेज’, म्हणजे मोठी पाने.

वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात एकेक कांदा कोणी मोजत नाही, गोण्या मोजतात. कर्नेल मात्र मुळात एकेक कांदा मोजते. मेमरीच्या प्रत्येक ४ केबी पानासाठी ते प्रत्येक प्रोसेसच्या वहीत ८ बाइटची नोंद ठेवते. सामायिक मेमरी ३२ जीबी असेल, तर एका प्रोसेसची वही ६४ एमबीपर्यंत फुगते. पाचशे कनेक्शनांनी सगळी मेमरी हाताळली, तर नुसत्या वह्यांना जवळजवळ ३२ जीबी लागतील. फळ्याएवढ्याच वह्या! गोणीने मोजले, म्हणजे २ एमबीचे पान वापरले, की तीच वही १२८ केबीत मावते आणि पाचशे जणांच्या वह्या मिळून ६४ एमबीच्या आत राहतात. आपल्या मशीनवर हा खर्च किती, ते ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलीत ‘पेजटेबल्स’ या ओळीवर दिसते. तिथे काही जीबीचा आकडा दिसला, तर मोठ्या पानांची वेळ आली असे समजावे.

किती पाने राखायची? ओरॅकलची एसजीए ४८ जीबी असेल, तर ४८ जीबी भागिले २ एमबी, म्हणजे २४,५७६. वर शंभरेक जास्त. पोस्टग्रेस १५ पासून तर भागाकारही करावा लागत नाही. सर्व्हर बंद असताना ‘पोस्टग्रेस’ आज्ञेला ‘-सी’ पर्याय देऊन ‘शेअर्ड मेमरी साइज इन ह्यूज पेजेस’ हा घटक विचारला, की तो नेमका आकडा सांगतो. हा आकडा कर्नेलच्या ‘व्हीएम’ गटातल्या ‘एनआर ह्यूजपेजेस’ या ओळीत लिहायचा आणि शक्यतो मशीन रीबूट करायचे. बराच काळ चालू असलेल्या मशीनमध्ये सलग जागा उरलेली नसते, त्यामुळे मागितलेली सगळी पाने मिळतीलच असे नाही.

इथे एक खड्डा आहे. पोस्टग्रेसमध्ये मोठ्या पानांची सोय मुळात ‘ट्राय’ या स्थितीत असते. म्हणजे मिळाली तर वापरायची, नाही तर न बोलता छोट्या पानांवर जायचे. राखलेली पाने गरजेपेक्षा थोडी जरी कमी पडली, तर राखलेले ३२ जीबी तसेच कुलूपबंद राहतात आणि डेटाबेस आणखी ३२ जीबी छोट्या पानांत घेतो. भार वाढेपर्यंत कोणाला काही कळत नाही. म्हणून प्रॉडक्शनवर ही सोय ‘ऑन’ करून ठेवावी. पाने कमी पडली तर डेटाबेस सुरूच होणार नाही, आणि चूक बदलासाठी राखलेल्या वेळेतच, म्हणजे चेंज विंडोतच, पकडली जाईल. ओरॅकल वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी आधी पाहाव्यात : ‘मेमलॉक’ मर्यादा एसजीएपेक्षा मोठी आहे ना, आणि ‘मेमरी टार्गेट’ बंद आहे ना. मेमरी टार्गेट आणि मोठी पाने एकत्र नांदत नाहीत.

‘ट्रान्सपरंट ह्यूज पेज’ हा नावाने सख्खा वाटणारा प्रकार मात्र वेगळा. त्यात कर्नेल आपल्या मर्जीने पाने जोडत बसते आणि मधूनच प्रतिसाद रेंगाळतो. ओरॅकल तो बंद ठेवायला सांगते.

मेमरी संपली की कोणाचा बळी जातो

लिनक्स मुळात उदार आहे. खिशात नसलेली मेमरीही प्रोग्रॅमना देऊ करते. सगळ्यांनी एकदम ती वापरायला काढली की ‘ओओएम किलर’ जागा होतो आणि सर्वांत जास्त मेमरी धरलेली प्रोसेस मारतो. डेटाबेस सर्व्हरवर ती बहुधा डेटाबेसचीच निघते. पोस्टग्रेसची एक प्रोसेस सिग्नल ९ ने मेली, की मुख्य प्रोसेस बाकीच्या सगळ्यांना बंद करून सुरुवातीपासून सावरते. एका अवजड क्वेरीपायी पाचशे जणांचे कनेक्शन तुटते.

फक्त डेटाबेसलाच वाहिलेल्या सर्व्हरवर ‘ओव्हरकमिट मेमरी’ २ केली, की कर्नेल हिशोबाबाहेर उधारी देत नाही. पण हिशोब आधी मांडावा. १२८ जीबी रॅम, ८ जीबी स्वॅप आणि ३२ जीबी मोठी पाने असतील, तर ५० या मूळ टक्क्याने उरलेल्या ९६ जीबीचे निम्मे ४८ आणि स्वॅपचे ८, असे ५६ जीबीच हाती लागतात. टक्का ८० केला तर सुमारे ८५ जीबी मिळतात. त्याच मशीनवर रेडिस चालत असेल, तर मात्र हा उपाय करू नये. रेडिस याच ओळीत १ मागते. दोघांना वेगवेगळी मशिने देणेच बरे.

‘स्वॅपिनेस’चा मूळ आकडा ६० आहे, डेटाबेससाठी तो १० किंवा त्याखाली ठेवण्याची पद्धत आहे. याहून जास्त वेळ त्यावर घालवायची गरज नाही.

दोन लपलेले सापळे

पहिला सापळा ‘सिस्टिमडी’चा. त्यात ‘रिमूव्ह आयपीसी’ नावाची एक सोय आहे. वापरकर्ता लॉगआउट झाला की त्याचे सामायिक मेमरीचे तुकडे आणि सेमाफोर ती साफ करून टाकते. रेड हॅट ७.२ मध्ये ही सोय मुळातच चालू होती, आणि डीबीएने ओरॅकलच्या नावाने लॉगइन करून काम आटोपून लॉगआउट केले की मागे चालू असलेला डेटाबेस कोसळायचा. सिस्टिम वापरकर्त्यांना यातून सूट आहे. पण डेटाबेसचे खाते हाताने तयार केले असेल आणि त्याचा क्रमांक १,००० किंवा पुढचा असेल, तर सूट मिळत नाही. ‘लॉगइनडी’च्या फाइलीत ही सोय ‘नो’ आहे ना, ते एकदा पाहून ठेवावे.

दुसरा सापळा कंटेनरचा. डॉकर प्रत्येक कंटेनरला सामायिक मेमरीसाठी मुळात फक्त ६४ एमबी देतो. पोस्टग्रेसने मोठी क्वेरी समांतर चालवायला घेतली की ते संपतात, आणि पुन्हा तेच वाक्य येते : ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. इथे कर्नेलचा एकही आकडा बदलून उपयोग नाही. कंटेनर सुरू करतानाच ‘शम-साइज’ वाढवावा लागतो.

सराव आणि नोंद

हे सगळे प्रॉडक्शनवर पहिल्यांदा करू नये. खारघरच्या सी-डॅकमध्ये पीजी-डॅक करणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरही २ जीबीचे व्हर्च्युअल मशीन सहज उभे राहते. त्यावर शमऑल मुद्दाम १,००० करावा, म्हणजे सुमारे ४ एमबी. मग ‘आयपीसीएमके’ आज्ञेने १० एमबीचा तुकडा मागावा, की ‘नो स्पेस लेफ्ट’ डोळ्यांसमोर येते. शमऑल पूर्ववत करून शममॅक्स कमी करावा आणि तीच मागणी करावी, की ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ दिसते. आपल्या हाताने एकदा पाहिलेला फरक रात्री तीन वाजताही आठवतो. सरावात तयार केलेले तुकडे ‘आयपीसीआरएम’ने पुसावेत. प्रॉडक्शनवर मात्र ही आज्ञा देण्याआधी ‘एनॲच’ रकाना शून्य आहे का ते पाहावे. तिथे शून्य नसेल, तर तो तुकडा कोणीतरी वापरत आहे.

बदल करायचेच असतील, तर मूळ ‘सिसकंट्रोल’ फाइलीत भर न घालता ‘सिसकंट्रोल डी’ या फोल्डरात डेटाबेसच्या नावाने वेगळी फाइल ठेवावी आणि ‘सिस्टिम’ पर्यायाने ती लागू करावी. प्रत्येक ओळीच्या वर चार गोष्टींची टीप लिहावी : तारीख, मशीनची रॅम, डेटाबेसची आवृत्ती आणि आकडा तोच का. आपत्तीसाठी राखलेल्या डीआर साइटवरच्या मशीनची रॅम वेगळी असेल, तर तिथल्या मोठ्या पानांचा हिशोब वेगळा मांडावा. नाही तर मुख्य साइट बंद पडेल त्या दिवशी डीआरही उठणार नाही.

पुढच्या चेंज विंडोची वाट न पाहता वाचकांनी आजच आपल्या सर्व्हरवर ‘आयपीसीएस’ आणि ‘मेमइन्फो’ एवढे दोनच नजरेखालून घालावेत. दोन्ही नुसत्या वाचायच्या गोष्टी आहेत; चालू डेटाबेसला त्यांनी काहीही होत नाही.